टूलबॉक्सची ट्रॉली घेताना: गोव्यातल्या साईटवरून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न

फोंड्याला आमचे वायरिंगचे आणि पंप बसवण्याचे काम चालते. एकावर एक अडकणारे टूलबॉक्स सगळ्यांकडे आले तसे "ट्रॉली कुठली घेऊ?" हे फोनही सुरू झाले, तेही नेमके सकाळी आठला, गाडी काढताना. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. प्रश्न ज्याने विचारले त्याच्याच शब्दांत ठेवले आहेत.

सगळ्यांना एक गोष्ट आधी सांगतो. ट्रॉली खोक्यांकडे बघून घेऊ नका. गाडी उभी राहते तिथून काम आहे तिथपर्यंतची वाट बघा आणि त्या वाटेतली सगळ्यात वाईट दहा पावले कुठली ते हेरा. बाकी वाटेवर कुठलीही ट्रॉली चालते.

१. खोके हातात उचलून नेतोच की आम्ही. ट्रॉली हवीच कशाला?

एक-दोन खोके असतील तर नकोच. पण वजन एकदा करून बघा. घरच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग खोका हातात घेऊन. फरक तो खोक्याचा. हॅमर ड्रिल, चार्जर, दोन बॅटऱ्या आणि बिट्स भरलेला खोका बारा-पंधरा किलो सहज भरतो. असे चार म्हणजे ५०-६० किलो, शिवाय वायरची बंडले. गेटपासून काम पन्नास मीटर आत असेल तर दोन फेऱ्या जाताना आणि दोन येताना, आणि संध्याकाळच्या फेऱ्या दमलेल्या कमरेने करायच्या. हेल्पर नसलेल्या माणसाला ट्रॉली लागतेच.

२. दुकानात चार-पाच प्रकार दाखवतात. फरक काय?

दोन चाकांची उभी ट्रॉली, म्हणजे गॅस सिलिंडरवाला आणतो ती जात. मागे कलवून ओढायची. खडबडीत जागेत हीच तगते, कारण सगळे वजन दोन मोठ्या चाकांवर येते.

खालच्या खोक्यालाच चाके आणि ओढायची दांडी असलेला सेट दिसायला सुंदर आणि गाडीत जागा कमी खातो. पण दांडी किंवा चाक गेले की त्याच कंपनीचा सुटा भाग शोधत बसावे लागते, आणि तो तुमच्या हार्डवेअरवाल्याकडे असेलच असे नाही.

चार फिरत्या चाकांचा सपाट डॉली हॉटेल, मॉल, कारखान्याच्या आत उत्तम. गुळगुळीत लादीवर एका बोटाने ढकलला जातो. अंगणातल्या जांभ्या चिऱ्यांवर त्याची चाके चार दिशांना तोंडे करतात.

घडी होणारी अॅल्युमिनियमची ट्रॉली हलकी, स्कूटरवर जाणारी (प्रश्न १३). प्लॅटफॉर्म ट्रॉली म्हणजे सपाट फळी आणि एका बाजूला दांडा, ती गोदामासाठी.

३. पहिलीच ट्रॉली घेतोय, एकच परवडते. कुठली?

गोव्यात बंगले, जुनी घरे, नवीन बांधकाम अशी मिसळ कामे असतील तर दोन चाकांची उभी, चाके २०० ते २५० मिमी व्यासाची, खालची पाटी तुमच्या खोक्याहून थोडी मोठी. आतल्या लादीवर डॉलीइतकी मऊ चालणार नाही, पण कुठे अडणारही नाही. फक्त हॉटेलांची देखभाल करत असाल तर उलटे, डॉली घ्या.

४. चाक मोठे म्हणजे किती मोठे? खरेच इतका फरक पडतो?

पडतो, आणि तो हिशेबाने दाखवता येतो. वाटेत एक सेंटिमीटरची कड आली असे धरा. लादीची उचललेली कड, केबलवर टाकलेली पट्टी, दाराची चौकट, काहीही. न थांबता ढकलत न्यायचे असेल तर चाकावरच्या भाराच्या मानाने आडवा जोर असा लागतो:

७५ मिमी चाकाला भाराच्या साधारण ९३ टक्के, १०० मिमीला ७५ टक्के, २०० मिमीला ४८ टक्के, २५० मिमीला ४३ टक्के.

म्हणजे ट्रॉलीवर ६० किलो असताना १०० मिमीच्या चाकाला ती एवढीशी कड ओलांडायला ४५ किलोचा रेटा लागतो. म्हणून ती "अडकली" असे वाटते आणि वरचा खोका पुढे कोसळतो. २०० मिमीला तेच काम २९ किलोत होते. २०० वरून २५० ला गेलात तर फायदा थोडाच, पण खडीवर तो कळतो. त्यापुढे चाक वाढवले की ट्रॉली गाडीत मावत नाही.

आणखी एक. कड आली की ढकलू नका, वळा आणि ओढा. ओढताना हात थोडे वरच्या दिशेनेही खेचतात, चाकाला चढायला मदत होते.

५. हवेचे चाक, भरीव रबर, पीयू की नायलॉन?

हवेचे चाक चिऱ्यांवर, खडीवर, लाल चिखलात सगळ्यात आरामाचे, खोक्यातल्या लेझर लेव्हललाही धक्के कमी. पंक्चर होते हा त्याचा दोष. हवा भरण्याबद्दल प्रश्न १४.

भरीव रबर जड, पण विसरून जावे असे. मोडतोडीच्या साईटवर, जिथे जमिनीत खिळे पसरलेले असतात, तिथे मी हेच वापरतो.

नायलॉन कठीण, ओझे भरपूर घेते, लादीवर हलके चालते. पण खडखडाट असा की हॉटेलचा मॅनेजर दुसऱ्या मिनिटाला धावत येतो.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, त्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. दुकानात ते सगळ्यात देखणे दिसते. शांत चालते, डाग पाडत नाही. पण पीयूचे दोन प्रकार असतात. पॉलिएस्टर जातीचे पीयू दमट आणि गरम हवेत पाण्यामुळे आतून तुटत जाते, मग ट्रॉली वापरा नाहीतर ठेवून द्या. माझ्याकडे एक डॉली शेडमध्ये दोन पावसाळे नुसती उभी होती. तिसऱ्या वर्षी काढली, खोके चढवले, दहा पावले गेलो आणि चाकावरचा पिवळा थर जत्रेतल्या जुन्या खाज्यासारखा भुगा होऊन मागे सांडत आला. आत नुसती प्लास्टिकची चकती उरली. पॉलिइथर जातीचे पीयू दमटपणात बरेच टिकते. दुकानदाराला जात विचारा. त्याला सांगता आली नाही तर रबर घ्या.

६. पाटीवर '१५० किलो' लिहिलेय. मग ८० किलो बिनधास्त ठेवू ना?

तो आकडा बहुतेक वेळा सपाट जमिनीवर शांतपणे ढकलण्याचा असतो. पायरीवरून खाली उतरताना ट्रॉली आपटते तेव्हा त्या क्षणी चाकांवर वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि तोही बऱ्याचदा एकाच चाकावर. मी छापील आकड्याचा निम्मा धरतो, पायऱ्यांच्या साईटला एक तृतीयांश.

ऑनलाइन मागवलेल्या एका ट्रॉलीवर १५० लिहिले होते. जेमतेम ७० किलोवर दुसऱ्याच आठवड्यात तिचा धुरा, म्हणजे चाके जोडणारा आस, केळ्यासारखा वाकला. उघडून पाहिले तर आत भरीव सळई नव्हतीच, पातळ नळी होती. परत करायला गेलो तर "गैरवापर" म्हणून हात वर. तेव्हापासून मी दुकानात तीन गोष्टी बघतो. धुऱ्याचे टोक भरीव आहे का. पाटी आणि उभ्या नळीच्या जोडावर वेल्ड दोन्ही बाजूंनी आहे का, की नुसते दोन टाके मारलेत. आणि रिकामी ट्रॉली कलवून एका चाकावर टेकवली तर सांगाडा पिळतो का.

७. माझे खोके एका कंपनीचे, ट्रॉली दुसऱ्या. अडकतील का?

क्लिपने अडकायचे असेल तर बहुतेक नाही. मिलवॉकीचे पॅकआउट, डिवॉल्टचे टफसिस्टम, बॉशचे एल-बॉक्स, प्रत्येकाची कुलपे वेगळी. डिवॉल्टचीच टफसिस्टम आणि टीस्टॅक ही दोन घराणी एकमेकांत थेट बसत नाहीत, मध्ये अडॅप्टर लागतो. अपवाद मकिताच्या मॅकपॅकचा, तो टॅनोसच्या सिस्टेनरशी जुळतो.

आपल्याकडे गंमत अशी की एक खोका आखातातून सुट्टीवर आलेल्या भावाने आणलेला, दुसरा बोटीवर असलेल्या मेहुण्याने, तिसरा मडगावात घेतलेला. अशांनी कंपनीच्या ट्रॉलीच्या नादी लागूच नये. साधी सपाट पाटीची ट्रॉली आणि रॅचेटचे, म्हणजे खटक्याने आवळायचे, दोन पट्टे घ्या. पाटी मापून घ्या: एल-बॉक्सचा तळ साधारण ४४२ × ३५७ मिमी, मॅकपॅकचा ३९६ × २९६ मिमी. सगळ्यात मोठा खोका पाटीबाहेर लटकला नाही पाहिजे. बंजीच्या रबरी दोऱ्यांवर भरवसा ठेवू नका. चढावर त्या ताणतात आणि खोके मागे सरकतात.

८. जड खोका वर ठेवला तर काढायला सोपा पडतो. चालेल?

काढायला सोपा, ओढायला नाही. साठ किलोचा एक उंच ढीग धरा. जड खोके खाली असले तर वजनाचा मध्य धुऱ्यापासून ४५ सेंमी वर, जड वर असले तर ६० सेंमी. मध्य धुऱ्याच्या २० सेंमी पुढे आणि दांडी धुऱ्यापासून ११० सेंमीवर आहे असे समजू. ट्रॉली ४५ अंश कलवली की पहिल्या रचनेत हातावर साधारण १४ किलो येतात, दुसरीत २२. रिकाम्या चहाच्या कपाइतका फरक नाही हा, अर्ध्याहून जास्त भरलेल्या खोक्याएवढा आहे.

उलट पहिल्याच रचनेत साधारण २४ अंशांवर ट्रॉली हातात तोललेली राहते, मनगटावर जवळजवळ काही येत नाही. तो कोन एकदा हाताला सापडला की ट्रॉली आपोआप चालते.

माझा क्रम असा: खाली हॅमर आणि ग्राइंडर, मध्ये हातहत्यारे, वर स्क्रू-प्लगचा उघडझाप होणारा खोका. वरच्याचे कुलूप कलवायच्या आधी एकदा दाबून बघा. वेर्ण्याच्या एका रस्त्यावर चारशे वॉल प्लग वेचायची पाळी माझ्यावर आली होती.

९. जुन्या घरांचे काम आहे, पायऱ्याच पायऱ्या. तीन-तीन चाकांची ट्रॉली घेऊ?

दोन्ही बाजूंना त्रिकोणात तीन चाके, एक पायरीवर टेकले की दुसरे फिरून वर येते, अशी ती. नवीन इमारतींत बरी चालते. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या इमारतीसाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिमी सांगितली आहे आणि या ट्रॉल्या साधारण त्या घराण्यातल्या पायऱ्यांसाठीच बनतात.

पणजीच्या फोंतैन्यासमधल्या किंवा बार्देसातल्या जुन्या घरांत तसे नाही. बल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, चिऱ्याच्या पायऱ्या झिजून गोल झालेल्या, कधी पहिली पायरी उंच आणि बाकीच्या बुटक्या. आत लाकडी जिना अरुंद आणि उभा. तिथे त्रिकोण अर्ध्यावर अडकतो आणि चाके पायरीच्या पोटावर आदळत राहतात, लाकडाची कड तुटली तर भाटकाराला, म्हणजे घरमालकाला, काय सांगणार? अशा घरात ट्रॉली अंगणापर्यंत न्या, पायऱ्यांवरून खोके एकेक हातात. एकावर एक अडकणाऱ्या खोक्यांचा खरा फायदा हाच आहे, दोन सेकंदांत सुटतात.

पायऱ्यांवर नेहमीच्या दोन चाकी ट्रॉलीला मागून दोन लांब पट्ट्या, म्हणजे घसरपट्ट्या, जोडून मिळतात. मला त्या तीन चाकांहून बऱ्या वाटतात. वर माणूस ओढणारा, खाली कोणीही उभे राहायचे नाही.

१०. दिवाडी, चोडण बेटांवर कामे असतात. फेरीबोटीत भरलेली ट्रॉली नेता येते?

नेतो आम्ही, पण बेताने. अडचण बोटीत नाही, चढण्या-उतरण्यात आहे. भरतीला बोटीचा चढायचा फळका जवळजवळ आडवा असतो. ओहोटीला तोच उभा होतो, आणि धक्क्याचा खालचा भाग शेवाळाने हिरवा आणि बुळबुळीत. उताराचे ओझे डोक्यात ठेवा: सगळे मिळून ८० किलो असेल तर १२ ला १ चढावर (बारा पुढे, एक वर) फक्त उतारापायी सात किलोच्या आसपास जास्त ओढावे लागते, ६ ला १ झाला की तेरा. वरून पायाला पकड नाही.

फळक्याचे लोखंड आणि धक्क्याचे काँक्रीट यांच्यात एक खाच राहते. १०० मिमीचे चाक त्यात रुतते, आणि मागे मोटारसायकलींची रांग हॉर्न देत असते. मोठे चाक थोडे तिरके घालून ओलांडते. गाड्या आधी जाऊ द्या, मग तुम्ही. चढताना ट्रॉली मागे ओढा. उतरताना ती तुमच्या खालच्या बाजूला, पुढ्यात ठेवा आणि धरून धरून उतरा. हातातून सुटेल असे वाटत असेल तर तुमचा अंदाज बरोबर आहे, खोके कमी करा. बोटीत गेल्यावर आडवी झोपवा किंवा चाकाला लाकडाचा तुकडा लावा.

११. किनाऱ्यावरच्या शॅकचे (झोपडीवजा हॉटेलचे) वायरिंग घेतलेय. रेतीत कुठलीच ट्रॉली चालत नाही का?

अरुंद भरीव चाक तर नांगरासारखे रुतते. रेतीत उपयोगी पडते ती चाकाची रुंदी. फुग्यासारखी जाड, कमी दाबाची चाके येतात, पण वर्षातून पंधरा दिवसांच्या कामासाठी ती महाग पडतात. हवेच्या चाकांतली हवा थोडी कमी करा, ढकलण्याऐवजी ओढा, आणि ओलसर घट्ट रेतीच्या पट्ट्यातून चाला. मोरजी-मांद्र्याकडे आम्ही प्लायच्या दोन फूट रुंद तीन पट्ट्या नेतो. दोन खाली, मागची उचलून पुढे. संथ आहे, पण खोके कोरडे राहतात.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. कुंपण घातलेल्या घरट्यांपासून ट्रॉली लांबूनच न्या, शॉर्टकट नको.

घरी आल्यावर चाके गोड्या पाण्याने धुवायचीच. बेअरिंगवर प्रेशरचा फवारा मात्र मारू नका, मीठ आणि रेती आतच ढकलली जाते.

१२. पावसाळ्यात दोन महिन्यांत गंजते. स्टेनलेस घ्यावी का?

वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस आणि खारा वारा, तेव्हा गंजणारच. पण ट्रॉली कुठून गंजते ते बघा. रंग उडालेल्या बाहेरच्या भागातून कमी, बंद नळीच्या आतून जास्त. पाणी वरच्या बोल्टच्या भोकातून शिरते आणि खालच्या वळणात साचून राहते. नवीन ट्रॉली आणली की मी उभ्या नळ्यांच्या अगदी तळाशी ५ मिमीचे भोक पाडतो, कडेला झिंक प्रायमर लावतो. मित्र हसतात. त्यांच्या ट्रॉल्या खालून सुटल्या, माझी अजून आहे.

स्टेनलेस ३०४ समुद्राजवळ डागाळते, बारीक खड्डेही पडतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते टिकते, पण ट्रॉलीसाठी तेवढा खर्च मला पटत नाही. अॅल्युमिनियमचा सांगाडा चांगला, फक्त त्यात लोखंडी बोल्ट असतील तर खाऱ्या ओलीत जोडाभोवती अॅल्युमिनियम खाल्ले जाते, पांढरी पूड दिसू लागते. बोल्टखाली नायलॉनचे वॉशर घाला.

बेअरिंगवरचा नंबर वाचा. शेवटी 'झेडझेड' असेल तर झाकण पत्र्याचे, '२आरएस' असेल तर रबरी सीलचे. आपल्याकडे २आरएस. बऱ्याच ट्रॉल्यांना ६२०४ लागते, २० मिमी धुऱ्याचे. बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळते, स्वस्तही आहे. चवथीच्या सुट्टीआधी ट्रॉली पुसून, चाके जमिनीपासून उचलून ठेवा. ओझ्याखाली आठ दिवस उभ्या राहिलेल्या हवेच्या चाकाला एका जागी बसका येतो.

१३. माझ्याकडे स्कूटरच आहे. कदंब बसनेही जातो कधी कधी. काय घेऊ?

घडीची अॅल्युमिनियम, चाके किमान १५० मिमी, घडी केल्यावर पायाजवळच्या जागेत आडवी न राहता उभी मावणारी. आडवी ठेवली तर हँडल वळवताना अडते, आणि ते नेमके वळणावर कळते. दोन खोके मागे पट्ट्याने, तिसरा नको. बसमध्ये डिकीत टाकणार असाल तर घडीचे कुलूप दोरीने बांधा. उतरवताना उघडून बोटे चेंगरतात.

ओढायची दांडी तीन भागांची असते, सर्वात आधी जाते ती तीच. दुकानात पूर्ण उघडून डावी-उजवी हलवा. डगमगली तर ठेवून द्या.

१४. हवा किती भरायची? पंक्चरवाल्याने भरली तर चालेल?

टायरच्या कडेवर लिहिलेला दाब, त्याहून जास्त नाही. ही छोटी टायरे मोटारीच्या मानाने कमी दाबाची असतात. पंक्चरवाल्याचा मोठा कॉम्प्रेसर दोन सेकंदांत ती फुगवून टाकतो, आणि दोन तुकडे बोल्टने जोडलेली पत्र्याची रिम उघडली तर तोंडावर येते. सायकलचा हातपंप घ्या. बोल्ट सोडायचे असतील तर आधी हवा पूर्ण काढायची.

१५. आमच्या गावचा वेल्डिंगवाला निम्म्या किमतीत करून देतो म्हणतो. बनवून घेऊ?

जरूर. खोके वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील (प्रश्न ७) तर हाच उत्तम मार्ग. त्याला एवढे सांगा: २५ × २५ मिमीचा चौकोनी पाइप, जाडी २ मिमी. मीटरला साधारण १.४४ किलो वजन, सात मीटर लागला तर सांगाडा दहा किलोचा. पाटी ४८० × ४०० मिमी, पुढच्या कडेला २० मिमीची उभी पट्टी, म्हणजे खोका घसरत नाही. धुरा २० मिमी भरीव. दांडी उभ्या माणसाच्या कमरेहून थोडी वर, ती तुमच्या उंचीवर मापा, त्याच्या नाही. मागे पट्टा अडकवायला चार कड्या, या सांगायला सगळे विसरतात.

जीआय पाइप वापरत असेल तर वेल्डच्या जागचा जस्ताचा थर आधी घासून काढायला लावा, आणि काम उघड्यावर करू दे. तो पांढरा धूर गेला छातीत की रात्री ताप भरतो.

१६. पिकअपमध्ये भरलेलीच चढवायची तर फळी टाकून चालेल?

हिशेब करा. गाडीचा मागचा फाळका ७० सेंमी वर, फळी दोन मीटरची, म्हणजे तीनला एक चढ. ६० किलोला नुसत्या उतारापायी वीस किलो ओढायचे, तेही अरुंद फळीवर उलट्या पावलांनी. खोके सोडा, एकेक वर द्या, रिकामी ट्रॉली शेवटी. दोन मिनिटे जास्त लागतात.

१७. हॉटेलवाले म्हणतात फरशीवर काळे ओरखडे येतात. त्याला काय?

काळ्या रबरातली काजळी फिकट मार्बलवर उतरते. करड्या रंगाचे, डाग न पाडणारे रबर घ्या. आहे तीच ट्रॉली न्यायची असेल तर आत शिरताना चाके पुसा. पावसात लाल माती चाकाच्या खाचांत बसलेली असते, ती ओरखड्याहून जास्त बदनामी करते. आम्ही एक जुने पोते नेहमी खोक्याला बांधून ठेवतो.

१८. जत्रेआधी देवळात रोषणाईचे काम असते. आवारात ट्रॉली न्यायची का?

प्रश्न मजेशीर वाटला होता, पण तिघांनी विचारला. देवळाच्या महाजनांना किंवा कमिटीला आधी विचारा, बाहेरच्या आवारात बहुधा नाही म्हणत नाहीत. चाके धुऊन न्या. सभामंडपाच्या आत ट्रॉली नको, आणि उंबरठ्यावरून चाक घालू नका. खोके उचलून घ्या, उंबरठाही झिजत नाही आणि कुणाच्या मनालाही लागत नाही. आवारातले चिरे पावसानंतर शेवाळलेले असतात, तुम्ही अनवाणी असता, आणि भरलेली ट्रॉली पायाच्या अंगठ्यावर आली तर काय होते ते मी सांगत नाही.

१९. मोटरवाली ट्रॉली आलीय म्हणे. घ्यावी?

एका माणसाच्या खोक्यांसाठी नको. बॅटरी आणि मोटरचे वजनच पायऱ्यांवर उचलावे लागते, आणि ती बिघडली तर दुरुस्त कोण करणार हा प्रश्न आधी सोडवा.

२०. ट्रॉली न्यायचीच नाही, अशी साईट असते का?

असते. जिना अजून ओतलेला नाही, लिफ्टचा खड्डा उघडा आहे, कठडे लागायचे आहेत अशा स्लॅबवर चाकांची कुठलीच वस्तू नको. फिरवून ठेवलेली ट्रॉली वाऱ्याने नाही, कुणाच्या धक्क्याने सरकते. तिथे खोके दोराने कप्पीवरून वर घ्या, एका वेळी एक, खोक्याच्या दांडीला नव्हे तर पूर्ण वेढा मारून. अडकवायच्या क्लिपा ढीग जोडून ठेवायला असतात, लटकवलेले ओझे पेलायला नाहीत. ट्रॉली खाली गेटजवळ साखळीने बांधा. माझी एक अशीच न बांधता ठेवलेली होती. संध्याकाळी बघतो तर शेजारच्या साईटवर तिच्यावर सिमेंटची पोती चढत होती.